पहिली चपाती आंटोनला

जर्मनीहून परत आलेली माणसं किल्ल्यांचे फोटो दाखवतात, ऱ्हाईनमधल्या बोटीचे दाखवतात, बर्फात गॉगल लावून उभी राहिलेली दाखवतात. माझ्या मोबाइलमध्ये एका बैलाचे फोटो आहेत. पुढून, मागून, बाजूने. सोसायटीतल्या बायका दोन फोटो बघतात आणि विचारतात, "अहो, पण जर्मनी कुठंय यात?" मी म्हणते, हीच जर्मनी. बाकीची तुम्ही टीव्हीवर बघितलेली आहेच.

मी मूळची कराडची. लग्न होऊन पुण्यात आले, पण माहेरी दावणीला जनावरं होती, तेव्हा गाय-बैल म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. दुसरं म्हणजे मी मटण खाते आणि चवीने खाते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला सोवळ्यातली समजायचं. बैल मात्र आमच्यात खात नाहीत. का खात नाहीत, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी त्याच्या नादी लागले नव्हते.

बॉन

माझी मुलगी केतकी बॉनला नोकरी करते. जावई योनास तिथलाच. आमचे हे गुडघ्यांचं कारण सांगून पुण्यात राहिले, त्यामुळे मी एकटीच गेले. पहिल्याच शनिवारी केतकी मला तिथल्या एका मराठी घरी जेवायला घेऊन गेली. केस पिकेपर्यंत जर्मनीत राहिलेले एक गृहस्थ, त्यांच्या बाई, आणि मोटारीच्या कारखान्यात नोकरी करणारी दोन-तीन पुण्याची पोरं. वरण-भात, अळूवडी, श्रीखंड, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं, चला, संस्कृती टिकवली आहे.

मग केतकीने सांगितलं की पुढचे पंधरा दिवस मी तिच्या सासऱ्यांच्या शेतावर राहणार आहे, आयफेलच्या डोंगरात, आणि ते बैल पाळतात, मांसासाठी. त्यावर त्या गृहस्थांचे डोळे चमकले. "ग्लान जातीचे का हो? ग्लानचं मांस म्हणजे लोण्यासारखं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाठीमागे देव्हाऱ्यात कामधेनूची चांदीची मूर्ती. त्यांच्या लक्षात आलं असावं. "नाही, म्हणजे आपण गाय खात नाहीच," ते म्हणाले, "पण आल्झो, म्हणजे कसं, आपली गाय ती वशिंडाची. यांना वशिंड कुठंय?"

म्हणजे पाठीवर उंचवटा असला तर माता आणि पाठ सपाट असली तर लोणी. विमानात बसून माणसं इतकी हुशार होतात हे मला माहीत नव्हतं. पोरं खाली मान घालून श्रीखंड खात राहिली.

आयफेल

बॉनहून गाडीने तासाभरात डोंगर सुरू होतात. त्याला ते डोंगर म्हणतात. आमच्या आगाशिवाला कोणी टेकडी म्हटलं तर कराडची माणसं भांडतील, आणि हे त्याहून सपाट. पण हिरवं मात्र असं की डोळे निवतात. कुरणांना झुडपांची कुंपणं, वर काळपट सूचीपर्णी झाडी, दगडी पाट्यांची छपरं. मे महिना होता आणि मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते. योनास हाफ पँटमध्ये होता.

माझे व्याही हाइनरिश. मी त्यांना हाइनरिशराव म्हणायचे, त्यांना ते आवडलं. उंच, वाकलेले, बायको वारल्यापासून एकटे. बोलतात कमी. कोणी काही सांगितलं की आधी "जा", मग जरा थांबून "गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर. एवढ्यावर या माणसाने आयुष्य काढलं. आमच्यात दुभाषी केतकी.

मी घरात पाऊल टाकून चहा मागायच्या आत त्यांनी मला बैल दाखवायला नेलं. पाहुण्यांना आधी पाणी देतात ही रीत डोंगर चढून वर आलेली नाही.

बैल देखणे होते, खोटं कशाला बोलू. हळदीच्या दुधाचा रंग, नाकाभोवती पांढरं, डोळे काळे आणि शांत. ही ग्लान जात एके काळी औताची होती. ट्रॅक्टर आले आणि त्यांचं काम गेलं. आता त्यांचं काम एकच, सावकाश जाड होणं. तीन वर्षांचा बैल, वेळेवर खच्ची केलेला, मानेला जू लागलेलं नाही, खांद्याला घट्टा नाही. आमच्याकडे असा बैल दिसला तर लोक विचारतील, आजारी आहे का.

आणि चोचले तर विचारू नका. गोठ्यात विजेवर फिरणारा ब्रश. बैलाने त्याखाली पाठ धरायची, ब्रश आपोआप खरारा करतो. खाली गुडघाभर पेंढा. उन्हाळाभर कुरण, शेवटच्या महिन्यांत बार्लीचा भरडा आणि जवसाची पेंड, तीही मोजून, कारण घाईने जाड झालं की चरबी कातडीखाली बसते आणि त्यांना ती मांसाच्या आत हवी असते, बारीक धाग्यांसारखी. प्रत्येक बैलाला जन्मापासून पासपोर्ट. मी त्याच दिवशी फोनवर ह्यांना सांगितलं, "अहो, माझ्या व्हिसासाठी तीन वेळा मुंबईला खेटे घातले. इथे बैल पासपोर्ट घेऊनच जन्माला येतो." हे म्हणाले, "त्याला कुठे जायचंय पण?" तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.

हाइनरिशरावांनी एका बैलाच्या शेपटीच्या मुळाशी हात दाबला आणि मलाही दाबायला लावला. तिथली चरबी हाताला कशी लागते त्यावरून बैल तयार आहे की नाही ते कळतं. मी केतकीला म्हटलं, "मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा आमच्याकडे एवढं चाचपत नाहीत." तिने हे भाषांतर केलं नाही.

"हा आंटोन," ती म्हणाली. "हा पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात काय?"

"आई, तुला माहितीये काय."

मला नाव ठेवण्याचाच राग आला. ज्याला कापून खायचं त्याला कोणी नाव ठेवतं का? आम्ही बोकडाची ओळख करून घेत नाही, आणि माझ्या मते तीच माणुसकी. हाइनरिशराव म्हणाले, आपण कोणाला खातो ते आपल्याला माहीत असावं. असली वाक्यं बोलायला ही माणसं कधीच कमी पडत नाहीत. मी म्हटलं, मग ताटात वाढताना पूर्ण नावाने हाक मारत असाल. केतकीने हेही गिळलं.

त्याच आठवड्यात

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. व्याह्यांच्या घरी रोज संध्याकाळी पाव आणि गार मांसाचे काप. एवढी मोठी चूल, चार बर्नर, आणि रात्रीचं जेवण थंड. नवा नवरा सोडून गेलेल्या बाईनेसुद्धा कुकर लावला असता. मी बॉनहून आणलेल्या कणकेच्या चपात्या लाटायला सुरुवात केली.

पहिली चपाती गाईची. माझ्या आईची पद्धत, तिच्या सासूची पद्धत. पुण्यात आल्यावर मी ती चपाती कोपऱ्यावर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे द्यायचे. ती बाई उठून गेली तेव्हापासून चपाती फ्रीजवर वाळत पडायची. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कुंपण आणि कुंपणापलीकडे सहा बैल उभे. मला वाटलं, चला, जर्मनीत येऊन एक गोष्ट तरी जागच्या जागी लागली.

कुंपणापाशी जो पहिला आला त्याला दिली. तो आंटोन होता. दुसऱ्या दिवशी त्यावर गुळाचा खडा ठेवला, कराडचा गूळ, मी सोबत नेलेला. त्याने हात चाटून काढला. खरखरीत जीभ, गरम श्वास. तिसऱ्या दिवशी मी "ये रे बाबा, ये" म्हणायच्या आत तो हजर. मग माझ्या बांगड्या वाजल्या तरी यायला लागला. मी फोटो काढायला लागले ते तेव्हापासून. हाइनरिशराव लांबून बघायचे आणि मान हलवायचे. बैल माणसाळतोय, खुशीत आहे, मांसाला चांगलं. जा, गेनाऊ.

मी मनाशी म्हणायचे, खा बाबा, तुझ्या मालकाच्या शास्त्रात गूळ बसत नाही, पण खा. या कोरड्या लोकांत एक तरी जीव मला मराठीत ओळखायला लागला होता, आणि मला ते आवडत होतं.

सोमवार

सोमवारी सकाळी हाइनरिशराव कुंपणाशी आले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला कळला. राग नव्हता. घाबरले होते.

त्यांचे बैल कत्तलखान्यात जात नाहीत. पूर्वी जायचे, ट्रकमधून. एकदा एक बैल ट्रकच्या फळीवर चढेना, चढवला तर वाटभर हंबरत राहिला, आणि गाडी चालवायला हाइनरिशरावच होते. त्यांच्या बायकोने त्यानंतर सांगितलं, या घरचं जनावर पुन्हा त्या गाडीत चढणार नाही. तेव्हापासून बैलाला त्याच्याच कुरणात, त्याच्या सोबत्यांमध्ये चरत असताना गोळी घालतात. त्याला काही कळायच्या आत. भ्यालेल्या जनावराचं मांस काळं पडतं, चिवट होतं, हेही एक कारण, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पण त्यासाठी बैल ठरल्या जागी उभा राहावा लागतो. कुरणाच्या खालच्या टोकाला, मातीच्या उंच बांधासमोर, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाईल. तिथे त्यांनी मचाण बांधलं होतं आणि कित्येक महिने रोज सकाळी मचाणाखालच्या गव्हाणीत भरडा टाकत होते, बैलांना जागेची सवय व्हावी म्हणून. पाच बैल रोज खाली जात होते. सहावा माझ्या खिडकीशी उभा होता. भरड्याला तोंड लावत नव्हता.

"आई," केतकी म्हणाली, "गुरुवारचा टेर्मिन आहे, वेळ ठरलेली. जनावरांच्या सरकारी डॉक्टर येणार, शिकारी येणार. मागच्या खेपेला एक बैल असाच जागेवर आला नव्हता, तेव्हा डॉक्टर खूप चिडल्या होत्या. या वेळी जमलं नाही तर यांची कुरणात गोळी घालायची परवानगी जाईल. मग सगळे ट्रकने."

"घराजवळच घाला म्हणावं गोळी."

"घराजवळ चालत नाही. रस्ता आहे पलीकडे."

"मग हाका त्याला खाली."

"हाकलं की तो बिथरणार. बिथरलेल्यावर गोळी घालता येत नाही."

इतक्या वर्षांची शिस्त, मचाण, बांध, पासपोर्ट, मोजून भरडा, आणि सगळं एका चपातीने बिघडलं. खरं सांगते, मला आधी हसू आलं. मग हाइनरिशराव काहीतरी हळूच बोलले आणि केतकीचा चेहरा उतरला.

"ते म्हणतायत… तू हाक मारलीस तर तो येईल."

बुधवारपर्यंत

मी नाही म्हटलं. साधं नाही, माझ्या परीने म्हटलं. गाईच्या तोंडचा घास दाखवून जनावराला बंदुकीपुढे न्यायचं, हे कोणत्या घरात शिकवतात? तुमचा बैल, तुमची बंदूक, तुमची चरबी, तुम्ही निस्तरा. शिवाय इतके दिवस मला कोणी सांगितलं का की त्याला काही देऊ नका? शेपटीची चरबी दाखवायला वेळ होता, हे सांगायला नव्हता. केतकीने या वेळी सगळं भाषांतर केलं, शब्द न शब्द, आणि माझ्याकडे न बघता केलं. हाइनरिशरावांनी ऐकून घेतलं. "जा," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी चपाती देणंही बंद केलं. त्याने आंटोन खाली जाईल असं वाटलं. तो दोन दिवस खिडकीशी उभा राहिला.

बुधवारी दुपारी योनासने जनावरं न्यायची गाडी धुतली आणि फाटकाशी उलटी आणून लावली. लागलीच तर असावी म्हणून. तिची फळी खाली टाकली तेव्हा लोखंडाचा आवाज झाला आणि आंटोन खिडकीपासून चार पावलं मागे सरकला. ती गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. तरी कान मागे, नाकपुड्या फुललेल्या. आणि मग, मेला, माझ्याकडे बघायला लागला.

मी ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं, शिव्यांसकट. ह्यांनी ऐकलं आणि विचारलं, "तू नाही गेलीस तर तो वाचेल का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तुम्हाला तिकडे बसून बरं सुचतं."

"मी काही सुचवलं का?" हे म्हणाले.

नव्हतं सुचवलं. हाच तर त्रास आहे ह्यांचा. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

गुरुवार

पाऊस थांबला होता. डॉक्टरीणबाई रबरी बूट घालून घड्याळाकडे बघत उभ्या. शिकारी म्हणजे शेजारचाच एक लठ्ठ शेतकरी, हिरवी टोपी, गालावर कुंकवासारखी लाली. मी साडी नेसले होते, वरून व्याह्यांचा रेनकोट. जर्मन सरकारने परवानगी दिलेल्या कुठल्याही कामात आजवर अशी बाई दिसली नसेल. डॉक्टरीणबाईंनी केतकीला विचारलं, या कोण? केतकीने काय सांगितलं मला कळलं नाही, पण बाईंनी मला वाट करून दिली.

कुंपणाच्या बाहेरून मी खाली चालत निघाले. आंटोन आतल्या बाजूने, माझ्या बरोबरीने. मी थांबले की थांबायचा. "चल रे बाबा," म्हणत होते मी, दुसरं काय म्हणणार. वाटेत एका ठिकाणी कुंपणाच्या तारेत साडी अडकली, ती सोडवेपर्यंत तो उभा राहिला. इतर पाच आधीच भरडा खात होते. मी चपातीचे तुकडे आणि उरलेला सगळा गूळ गव्हाणीत टाकला, आणि मला सांगितलं होतं तसं मागच्या शिडीने मचाणावर, शिकाऱ्याच्या पाठीमागे जाऊन बसले.

आंटोनने चपाती खाल्ली. गूळ खाल्ला. मग खाली मुंडी घालून गव्हाण चाटत राहिला.

शिकारी थांबला. गोळी कपाळाच्या मधोमध लागावी लागते आणि त्यासाठी बैलाने समोर बघायला हवं. तो थांबला, अजून थांबला, आणि मग त्याने मान जराशी वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी भाषा येत नव्हती. मला त्याची येत नव्हती. काय हवंय ते मला पक्कं कळलं.

मी म्हटलं, "ये रे बाबा."

त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

पुढचं मी डोळे मिटून ऐकलं. एक आवाज, मग काहीतरी जड खाली बसल्याचा, मग माणसांची घाईघाईची पावलं. हंबरणं नाही. डोळे उघडले तेव्हा बाकीचे पाच बैल जरा बाजूला जाऊन पुन्हा चरत होते. त्याचे सोबती. एकाने तरी मान वर धरायची होती.

सगळं आटपल्यावर शिकाऱ्याने झाडाची एक लहानशी डहाळी तोडून आंटोनच्या तोंडात ठेवली. केतकी म्हणाली, ही शिकाऱ्यांची पद्धत, शेवटचा घास म्हणतात याला. मारलेल्या जनावराला मान द्यायचा. मी म्हटलं, आता देताय होय घास? आमच्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, पण त्याला आम्ही मारलेलं नसतं. तरी माझे डोळे त्या डहाळीवरून हलेनात. त्याच्या ओठाला चपातीचं पीठ अजून तसंच होतं.

हाइनरिशरावांनी टोपी काढली. माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. केतकीने सांगितलं, "ते म्हणतायत, त्याला काही कळलं नाही."

"त्यांना सांग, मला माहितीये," मी म्हटलं आणि घरी येऊन हात धुतले. साबणाने, दोनदा.

मांस आता तीन आठवडे थंड खोलीत टांगून ठेवणार होते, मुरायला. माझ्या घरी कालची भाजी वाढली तर हे नाक मुरडतात. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला की परवानगी कायम. योनासने गाडी फाटकापासून काढून पुन्हा शेडमध्ये नेली. मला कोणी ताटात काही वाढायला आलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

शुक्रवार

सकाळी बॉनला निघायचं होतं. वाटेत खायला म्हणून मी चपात्या करायला घेतल्या. पहिली तव्यावरून उतरली आणि माझ्या हाताने ती सवयीने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बाहेर कुंपण होतं. बैल खाली, भरड्यापाशी. मी ती चपाती उचलली नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही.

हाइनरिशराव बाहेरून आले, बूट दाराशी काढले. कट्ट्यावरची चपाती त्यांना दिसली. ती कोणाची असते हे एव्हाना त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते खिडकीशी गेले, ती उचलली आणि उभ्या उभ्या खायला लागले. कोरडी, भाजीशिवाय, बाहेर बघत. केतकी काहीतरी बोलणार होती, मी तिचा दंड धरला.

शेवटचा तुकडा खाऊन झाल्यावर ते केतकीला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मीठ कमी आहे."

"त्यांना सांग," मी म्हटलं, "आंटोनने कधी तक्रार केली नाही."

"आई, हे मी सांगणार नाही."

"सांग."

तिने सांगितलं. हाइनरिशराव खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी दुसरी मागितली.